डॅक ऐकताना पातळी जुळवली होती का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती संगीतसंचाविषयी पानभर लेख प्रसिद्ध झाला. त्यात दोन डॅक, म्हणजे सीडीवर किंवा संगणकात अंकांच्या रूपात साठवलेल्या ध्वनीचे पुन्हा विद्युत्संकेतात रूपांतर करणारी यंत्रे, एकमेकांशी ताडून पाहिली होती. एकाची किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास होती आणि दुसऱ्याची दीड लाखाच्या पुढे. महागड्या यंत्रातून गायकाचा आवाज अधिक भरदार येतो, तबल्याच्या चाटेवरचा आघात ठसठशीत उमटतो आणि स्वस्त यंत्रातून हेच सारे सपाट ऐकू येते, असा लेखकाचा निष्कर्ष होता. लेखकाच्या संगीतप्रेमाविषयी मला शंका नाही आणि त्यांनी जे ऐकले ते त्यांना खरोखरच तसे ऐकू आले असणार, याविषयीही नाही. मात्र दोन्ही यंत्रांच्या आवाजाची पातळी मोजून सारखी केली होती की नाही, याचा उल्लेख मी तो लेख दोनदा वाचूनही मला सापडला नाही. ती पातळी जुळवलेली नसेल तर लेखातील निष्कर्ष यंत्रांविषयी काहीच सांगत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. परंतु विषयच असा आहे की अर्धवट सांगितल्यास गैरसमज वाढतील.

मी चौतीस वर्षे मुंबईतील एका ध्वनिमुद्रण कक्षात काम केले. चुंबकीय फीत ब्लेडने तिरकी कापून चिकटपट्टीने जोडण्याच्या काळात माझी उमेदवारी झाली आणि निवृत्तीच्या वेळी सारे काम संगणकावर चालत होते. या दीर्घ काळात दोन ध्वनींची तुलना कशी करावी हे मी वरिष्ठांकडून शिकलो. तुलना करण्याआधी दोन्ही ध्वनींची पातळी मीटरवर एका रेषेत आणायची, हा त्यातला पहिला धडा होता.

डॅकचे काम थोडक्यात सांगतो. सीडीवर दर सेकंदाला, प्रत्येक वाहिनीसाठी, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूसाठी वेगवेगळे, ध्वनिलहरीचे ४४,१०० नमुने नोंदलेले असतात आणि प्रत्येक नमुना ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेला असतो. माणसाचा कान तरुणपणी साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले तर त्या मर्यादेतील लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. नमुन्यांच्या मधल्या जागेत संगीत गळून जाते ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. ६५,५३६ पायऱ्यांच्या, म्हणजेच सोळा बिटांच्या, या पद्धतीत सर्वांत मोठा ध्वनी आणि तळाची खरखर यांच्यातील अंतर सुमारे ९६ डेसिबल असते.

हे काम सुरुवातीला कठीण होते, हेही मान्य केले पाहिजे. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा फिलिप्सच्या पहिल्या यंत्रात चौदा बिटांचीच चिप होती आणि नमुन्यांचा वेग चौपट करून उरलेली अचूकता साधली होती. सोनीच्या पहिल्या यंत्रात एकच रूपांतरक डाव्या व उजव्या वाहिनीला आलटून पालटून वापरला जात असे, त्यामुळे दोन वाहिन्यांमध्ये सुमारे ११ मायक्रोसेकंदांचे अंतर राही. त्या काळात एका यंत्रापेक्षा दुसरे चांगले का, हा प्रश्न अभियांत्रिकीचा होता आणि त्यावर भरपूर कष्ट घेतले गेले. त्या कष्टांचे फळ असे की आज काही हजार रुपयांच्या, नीट बांधलेल्या डॅकची खरखर आणि विरूपण, म्हणजे मूळ लहरीत होणारा बिघाड, बहुधा कानाच्या आवाक्याखाली असते. मोजमापाच्या उपकरणांना दोन यंत्रांतला फरक अजूनही दिसतो. परंतु उपकरणाला दिसणारा प्रत्येक फरक कानाला ऐकू येतोच असे नाही.

मग अनेक जाणत्या श्रोत्यांना फरक ऐकू का येतो? सर्वांत मोठे कारण पातळी हेच आहे, आणि याबाबतीत मी स्वतः फसलेलो आहे. सहा वर्षांपूर्वी उपनगरातील एका दुकानात मी दोन डॅक ऐकले. एक तेव्हा माझ्या घरी होता तोच, दुसरा त्याच्या आठपट किमतीचा. किशोरीताईंच्या भूपातील आलाप लावला होता. दुसऱ्या यंत्रावर तोच आलाप सुरू होताच तंबोरे जवळ आल्यासारखे वाटले, श्वास घेतल्याचा आवाज स्पष्ट झाला, खोली मोठी भासली. मी त्याच दिवशी यंत्र विकत घेतले. घरी आल्यावर जुन्या सवयीने दोन्हींच्या बहिर्गामी तारांवर मीटर लावला, तेव्हा जुन्या यंत्राचा पूर्ण पातळीचा संकेत २ व्होल्ट आणि नव्याचा २.६ व्होल्ट निघाला. हा फरक सव्वादोन डेसिबलहून थोडा अधिक होतो. दुकानात अ‍ॅम्प्लिफायरची घुंडी कोणी हलवली नव्हती, त्यामुळे प्रत्येक वेळी नवे यंत्र तेवढ्याने मोठे वाजत होते. पातळी जुळवून पुन्हा ऐकले तेव्हा तंबोरे होते तिथेच परत गेले. दुकानदाराने मला फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांनाही तो फरक तितक्याच प्रामाणिकपणे ऐकू येत होता.

सीडी यंत्रांच्या काळापासून २ व्होल्ट हा रूढ संकेत आहे, पण तो पाळण्याचे बंधन कोणावर नाही. कोणी २.१ व्होल्ट देते, कोणी अडीच, आणि संतुलित जोडणीतून अनेक यंत्रे ४ व्होल्ट देतात. कानाचा स्वभाव असा की बराच मोठा फरक आवाज वाढला म्हणून जाणवतो, पण अर्ध्या-एक डेसिबलचा फरक तसा जाणवत नाही. तो अधिक स्पष्टता, अधिक भरीवपणा, अधिक जवळीक अशा गुणांच्या रूपाने जाणवतो. त्याला शारीरिक कारणही आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की कमी पातळीवर कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर मधल्या पट्टीच्या मानाने क्षीण ऐकू येतात, आणि पातळी वाढली की ते पुढे येतात. म्हणजे केवळ पातळी वाढवली तरी खर्ज भरल्यासारखा आणि झांज उजळल्यासारखी वाटते. आपल्या लेखातील भरदार आणि सपाट ही दोन विशेषणे नेमकी याच ठिकाणची आहेत, म्हणून मला ती वाचताना चुटपुट लागली.

दुसरे कारण स्मरणाचे आहे. स्वर, ताल, शब्द आपल्या लक्षात वर्षानुवर्षे राहतात, पण ध्वनीचा बारीक पोत काही सेकंदांतच निसटतो. एका यंत्राच्या तारा काढून दुसऱ्याला लावायला तीन मिनिटे लागली तर नंतर आपण ध्वनीची तुलना ध्वनीशी करत नसून ध्वनीची तुलना आपल्या त्याविषयीच्या मताशी करत असतो. तिसरे कारण दृष्टीचे. समोर जाड अ‍ॅल्युमिनियमची पेटी दिसत असेल आणि तिची किंमत ठाऊक असेल, तर ते ज्ञान बाजूला ठेवून ऐकणे कोणालाही साधत नाही. मला चौतीस वर्षांच्या अनुभवानंतरही साधत नाही. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. औषधांच्या चाचणीत रुग्णाला आणि डॉक्टरांनाही खरी गोळी कोणती हे सांगत नाहीत, ते याच कारणासाठी.

ध्वनीच्या क्षेत्रातही हा उपाय जुनाच आहे. बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये अशा चाचणीची पद्धत मांडली आणि १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात यंत्रांच्या तुलनेसाठी तिचे सुधारित रूप प्रसिद्ध केले. त्यात ‘अ’ आणि ‘ब’ ही दोन यंत्रे श्रोत्याला ओळख देऊन हवी तितकी ऐकवतात, आणि मग तिसरा, निनावी ‘क्ष’ ऐकवून तो ‘अ’ आहे की ‘ब’ एवढेच विचारतात. कोणते चांगले हा प्रश्न नंतरचा. जे ओळखूच येत नाही त्यातले सरस कोणते, हा प्रश्न उभाच राहत नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना हे घरी करता येईल, म्हणून पद्धत नीट लिहितो. एका मल्टिमीटरची, म्हणजे विद्युतदाब मोजणाऱ्या मीटरची, गरज आहे. लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो, पण घेताना एक गोष्ट पाहावी: अगदी स्वस्त मीटरवर एसीची सर्वांत लहान पट्टी २०० व्होल्टची असते, ती येथे निरुपयोगी आहे. एसीच्या २ व्होल्टच्या पट्टीवर मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर हवा. साध्या मीटरची एसी मोजणी साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाची असते, म्हणून चाचणीचा सूर १,००० हर्ट्झचा न घेता २०० हर्ट्झचा घ्यावा. दोन्ही डॅक एकाच अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन वेगळ्या इनपुटना जोडावेत, सूर लावून स्पीकरच्या तारांवर मीटर धरावा आणि तेथे साधारण १ व्होल्ट दिसेपर्यंत घुंडी फिरवून पुढे तिला हात लावू नये. आता दुसरे इनपुट निवडावे आणि जे यंत्र मोठे वाजते त्याची पातळी संगणकातून किंवा त्या यंत्राच्या स्वतःच्या नियंत्रणातून कमी करत दोन्ही आकडे जुळवावेत. ०.१ डेसिबलच्या आत जुळणी हवी, म्हणजे १ व्होल्टवर साधारण १२ मिलिव्होल्टहून अधिक फरक राहता कामा नये. कानाने जुळवलेली पातळी येथे चालत नाही.

त्यानंतर मदतनीसाने आधीच सोळा वेळा नाणे उडवून छापा-काट्याचा क्रम कागदावर लिहून ठेवावा आणि त्या क्रमाने यंत्र बदलावे. मदतनीस श्रोत्याच्या नजरेआड बसलेला असावा, कारण चेहरा बोलतो. यंत्र बदलायचे नसेल त्या फेरीतही निवडीची कळ एकदा पुढे-मागे फिरवावी, नाहीतर तिच्या खटक्यावरूनच उत्तर कळते. दोन्ही यंत्रांवर एकच ध्वनिमुद्रण एकाच वेळी चालू असावे आणि एक दुसऱ्याच्या किंचित मागे पडत नाही ना हे आधी तपासावे, कारण तसे असेल तर बदलताना बसणारी उडी ऐकूनच यंत्र ओळखता येते. वेळेचे बंधन ठेवू नये. कान थकले की चहा घ्यावा आणि मग पुढे चालावे. सोळापैकी बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर आली तर काहीतरी खरोखर ऐकू येत आहे असे मानायला आधार मिळतो, कारण निव्वळ अंदाजाने तितकी बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारहूनही कमी आहे. नऊ-दहा बरोबर येणे म्हणजे यश नव्हे, हे स्वतःला समजावणे मात्र कठीण जाते.

असाच प्रयोग आम्ही पार्ल्यातील माझ्या घरी एका स्वस्त आणि एका महागड्या डॅकवर केला. माझ्याबरोबर तबला वाजवणारे एक जुने सहकारी होते आणि शेजारची बावीस वर्षांची मुलगी होती, जी सतार शिकते. माझा कान आता १२,००० हर्ट्झच्या वर काही ऐकत नाही, म्हणून तरुण कान हवाच होता. पहिल्या बैठकीत या मुलीने सोळाच्या सोळा फेऱ्या बरोबर ओळखल्या. आम्ही दोघे चकित झालो आणि मी तर माझी सारी मते तपासून पाहायला तयार झालो. तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “काका, सतारीत काही फरक नाही. मींड संपून शांत होतं ना, तेव्हा एका यंत्रात मागे बारीक घूं ऐकू येतं.” कान स्पीकरला लावल्यावर ते आम्हालाही ऐकू आले.

ती घूं डॅकची नव्हती. संगणकाचा चार्जर तीन पिनांचा होता, अ‍ॅम्प्लिफायरही तीन पिनांचा होता, आणि दोघे भिंतीवरच्या वेगवेगळ्या सॉकेटमध्ये होते. आमच्या इमारतीसारख्या जुन्या इमारतींत दोन सॉकेटच्या अर्थिंगमध्ये थोडासा दाबफरक असणे नवलाचे नाही. चार्जरमधून यूएसबीच्या तारेने स्वस्त डॅकपर्यंत, तेथून ध्वनिवाहक तारेच्या बाहेरच्या जाळीतून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत आणि तेथून पुन्हा भिंतीपर्यंत असे अर्थिंगचे एक बंद वर्तुळ तयार होते, त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि तो आणि त्याच्या पटीतले सूर गाण्याच्या मागे ऐकू येतात. दुसरा डॅक प्रकाशवाहक तारेने जोडलेला होता, त्यामुळे त्यात ते वर्तुळच पूर्ण होत नव्हते. संगणकाचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला आणि घूं थांबली. दुसऱ्या बैठकीत तिघांची बरोबर उत्तरे अनुक्रमे नऊ, सात आणि दहा आली.

हा अनुभव मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यातून दोन्ही बाजू दिसतात. झाकून ऐकण्याची चाचणी फरक नाकारण्यासाठीच असते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. येथे त्याच चाचणीने खरा फरक पकडून दिला, त्याचे कारण शोधायला लावले, आणि ते दूर करण्यास एक रुपयाही लागला नाही. उघड्या डोळ्यांनी ऐकले असते तर आम्ही स्वस्त डॅकला खरखरीत ठरवून मोकळे झालो असतो.

ऐकू येणारे खरे फरक इतरही आहेत. काही यंत्रे लहर गुळगुळीत करणारी गाळणी मुद्दाम वगळतात आणि नमुन्यांच्या पायऱ्या तशाच बाहेर सोडतात. अशा यंत्रात ४४.१ किलोहर्ट्झच्या ध्वनिमुद्रणाची पातळी १०,००० हर्ट्झला पाऊण डेसिबलने आणि २०,००० हर्ट्झला सुमारे तीन डेसिबलने उतरते. काहींना हा मवाळपणा आवडतो, आणि आवडण्यात गैर काही नाही, फक्त त्याला अधिक अस्सल म्हणू नये. हेडफोन थेट डॅकला लावणाऱ्यांनी त्याचा बहिर्गामी अवरोध (आउटपुट इम्पीडन्स) पाहावा: तो हेडफोनच्या अवरोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक असेल, तर ज्या कानातल्या फोनचा अवरोध वारंवारतेनुसार बदलतो त्याचा खर्ज किंवा वरचा भाग उघडपणे बदलू शकतो. फार मोठ्या पातळीवर मुद्रित केलेल्या आजच्या गाण्यांत दोन नमुन्यांच्या मध्ये लहर कमाल मर्यादेच्या वर जाते आणि ज्या यंत्रात त्यासाठी जागा राखलेली नसते ते ती कापते. कालमापनातील कंप, ज्याला जिटर म्हणतात, त्याचा विक्रीच्या बोलण्यात फार उल्लेख होतो. पण आजची बहुतेक यूएसबी यंत्रे स्वतःचे घड्याळ वापरतात आणि उरलेला कंप ऐकू येण्याच्या पातळीपासून दूर असतो.

चाचणीसाठी संगीत कोणते निवडावे, यावर आपल्या लेखात एक परिच्छेद होता आणि तो मला आवडला. त्यात एवढीच भर घालीन की तंबोऱ्याइतके उत्तम साधन आपल्याकडे दुसरे नाही. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्याची तार घोडीच्या सपाटीला हलके स्पर्श करत कंप पावते आणि त्यातून वरच्या स्वरांची रास उभी राहते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये या वाद्यावर लिहिताना दाखवले की तार ज्या बिंदूवर छेडली तेथे स्थिर राहणारे, म्हणून एरवी ऐकू येऊ नयेत असे, उपस्वरही तंबोऱ्यात ऐकू येतात. ध्वनी सातत्याने चालू राहतो, त्यात शब्द नसल्याने लक्ष विचलित होत नाही, आणि वरच्या पट्टीतील थोडासा बदलही जाणवतो. याउलट ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणे, ज्यांच्यावर माझे अतोनात प्रेम आहे, या कामी उपयोगाची नाहीत. त्यांची स्वतःची खरखर कोणत्याही डॅकच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठी असते.

आणि खरा तंबोरा कसा वाजतो हे कानाला अधूनमधून ऐकवत राहावे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातील टाटा थिएटर १९८० मध्ये उघडले. सिरिल हॅरिस या ध्वनिशास्त्रज्ञांनी त्याची ध्वनिरचना केली ती ध्वनिवर्धकाविना मैफल ऐकता यावी या हेतूने. घरगुती बैठकीत गायकापासून आठ फुटांवर बसण्याचा योग तर आपल्या शहरात अजूनही येतो. यंत्राची परीक्षा करणाऱ्याच्या कानात हे माप असावे लागते. दोन यंत्रांची एकमेकांशी तुलना करून केवळ वेगळेपण कळते. अस्सलपणा कळायला तिसरे माप हवे.

काही वाचक म्हणतील की घरातील तीन माणसांच्या प्रयोगावरून काय ठरवणार. आक्षेप योग्य आहे, म्हणून मोठ्या प्रमाणावरील दोन कामांचा उल्लेख करतो. २००७ मध्ये मायर आणि मोरान या संशोधकांनी उच्च दर्जाच्या, म्हणजे सीडीहून अधिक बारकाईने नोंदलेल्या, ध्वनिमुद्रणांच्या वाटेत सीडीच्या दर्जाचे संपूर्ण रूपांतर, म्हणजे लहरीपासून अंक आणि अंकांपासून पुन्हा लहर, मध्येच घालून पाहिले. एकूण ५५४ फेऱ्यांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून आली असती तितकीच. दुसरे काम २०१६ मधील. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी अशा अठरा अभ्यासांतील साडेबारा हजारांहून अधिक फेऱ्या एकत्र करून पाहिल्या आणि उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण ओळखण्याचे प्रमाण सुमारे ५२ टक्के निघाले. ज्या श्रोत्यांना आधी प्रशिक्षण दिले होते त्यांच्यात ते ६० टक्क्यांच्या वर गेले. फरक अजिबात नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे दुसरे काम विसरू नये आणि फरक प्रचंड आहे, असे म्हणणाऱ्यांनीही ते विसरू नये. दोन्ही अभ्यास ध्वनिमुद्रणाच्या दर्जाविषयी आहेत, डॅकच्या नाममुद्रांविषयी नाहीत, हेही स्पष्ट करतो. परंतु जिथे दर्जाच बदलूनही इतकाच फरक पडतो, तिथे एकाच दर्जाच्या दोन यंत्रांत पहिल्या आलापालाच जमीनअस्मानाचे अंतर जाणवले, तर आधी मीटर हाती घ्यावा असे मला वाटते.

मुंबईच्या घरांपुरता एक मुद्दा राहतो. आपल्याकडील दिवाणखाना बहुधा दहा बाय बारा फुटांचा असतो, जमिनीवर लादी, चारी बाजूंना सिमेंटच्या भिंती, समोरासमोर. बारा फुटांच्या अंतरात साधारण ४७ हर्ट्झचा आणि दहा फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्झचा खर्ज घुमतो, आणि कोच दोन फूट पुढे-मागे सरकवला तरी त्या स्वरांची पातळी दहा डेसिबलने सहज बदलते. चांगल्या डॅकमधील फरक मात्र एक-दशांश डेसिबलच्या आसपासचे असतात. माझ्या घरात खिडकी बंद करून रात्री साडेअकराला मोजले तरी मागचा आवाज ४० डेसिबलच्या खाली जात नाही, दिवसा तर लोकल आणि रिक्षा यांमुळे फारच वर असतो. सीडीची ९६ डेसिबलची सारी झेप अशा खोलीत ऐकायची तर वरचे टोक १३६ डेसिबलला जाईल, जे कानाला इजा करणारे आहे. ज्या वाचकाकडे दीड लाख रुपये आहेत त्याने आधी स्पीकर, त्यांची जागा, एक जाड सतरंजी, जड पडदे आणि पुस्तकांचे कपाट यांचा विचार करावा, असे मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगेन. सेवानिवृत्तीच्या पैशांतून संगीतसंच जमवणारे अनेक जण माझ्या ओळखीचे आहेत आणि त्यांचा पैसा जिथे ऐकू येईल तिथे लागावा, ही माझी तळमळ आहे.

संपादक महोदय, आपल्याकडे माझी विनंती आहे की यापुढे अशा यंत्रांची परीक्षणे छापताना प्रत्येक लेखाशेवटी चार ओळी द्याव्यात: दोन्ही यंत्रांचा संकेत किती व्होल्टचा होता, पातळी कशाने जुळवली, ऐकणाऱ्याला कोणते यंत्र वाजत आहे हे ठाऊक होते का, आणि यंत्र विकत घेतले होते की विक्रेत्याने दिले होते. शेवटचा मुद्दा औपचारिक नाही. मुंबईतच कार्यालय असलेल्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये एकूणच जाहिरातींतील शिफारशींसाठी विक्रेत्याशी असलेला संबंध उघड करण्याचा दंडक घातला आहे. आपला लेख जाहिरात नव्हता, हे मी जाणतो. पण वाचक त्यावर विसंबून पैसे खर्च करतात, तेव्हा जाहिरातीला लागू असलेली किमान कसोटी वृत्तपत्रीय परीक्षणाने त्याहून काटेकोरपणे पाळावी, ही अपेक्षा वावगी नसावी.

लेखक महोदयांना माझे आग्रहाचे निमंत्रण आहे. ती दोन्ही यंत्रे आणि त्यांच्या आवडीची ध्वनिमुद्रणे घेऊन त्यांनी यावे, किंवा मी मल्टिमीटर आणि यंत्रे आलटून पालटून जोडणारी निवडपेटी घेऊन आपल्या कार्यालयात येतो. रविवार सोडून कोणत्याही दिवशी मला चालेल. पातळी त्यांच्या समोर जुळवू, नाणे आपल्या कार्यालयातील कोणीही उडवावे आणि सोळा फेऱ्यांचे जे उत्तर येईल ते आपण त्याच पुरवणीत छापावे. त्यांना बारा किंवा अधिक फेऱ्या ओळखता आल्या, तर तो फरक नेमका कुठून येतो हे शोधण्यासाठी मी माझा पूर्ण वेळ देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त ध्वनिमुद्रक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई